सूपभर कोंडा

माझ्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून पाचवीच्या दिवशी आईनं मला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं आणि ठरल्याप्रमाणे थोरल्या चुलतीनं, म्हणजे आमच्या मोठ्या आईनं, मला तिथून उचललं. तेव्हापासून मी तिची. दूध पाजायला आईकडेच, पण मालकी तिची. बाराव्या दिवशी आईनं सूपभर कोंडा देऊन मला परत विकत घ्यायचं. कोंड्याच्या मोलाची पोर न्यायला काळ कशाला येईल, असा आमच्या धावडा गावाचा विचार. काळाला इतकं सहज बनवता येतं, यावर आमच्या लोकांचा ठाम विश्वास आहे.

घोळ असा झाला की मधल्या आठवड्यात वडील आणि थोरले काका शेताच्या बांधावरून भांडले. घराची वाटणी झाली, अंगणात कमरेएवढी भिंत उभी राहिली. बारसं भिंतीच्या अलीकडं उरकलं. कोंड्याचा विषय कुणी काढला नाही.

मग आई भिऊनच राहिली. मला ताप आला की म्हणायची, "तिकडून बोलवून राह्यली ती." मी हट्ट केला की, "जा तुझ्या मालकिणीकडं." मोठी आई भिंतीपलीकडं रोज दिसायची, धुणं वाळत घालताना, शेळ्यांना पाला टाकताना. तिला मूलबाळ नव्हतं. आईला ती गोष्टीतली चेटकीण वाटे, कधीतरी दारात येऊन पोर मागणारी. मला मात्र ही चेटकीण फार आवडायची. आईच्या हातचा मार खाल्ला की मी भिंतीशी जाऊन उभी राहायची. जगात एक बाई मला सोडायला तयार नाही, एवढं मला पुरे होतं. ती माझ्याशी बोलत नसे, त्याचाही अर्थ मी माझ्या सोयीनं लावला होता. ती वाट बघते आहे, असा.

लग्न ठरलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. स्थळ परतूरचं, मुलगा शिक्षक. हळदीच्या आदल्या सकाळी मंडपवाले पाइप उतरवत होते आणि आई ओट्यावर थिजून बसली.

"पोरगी आपली न्हाई," ती वडिलांना म्हणाली. "मंग कन्यादान कसं करायचं?"

वडील हसले. मला तिचं म्हणणं बिनतोड वाटलं.

चक्कीवरून गव्हाचा कोंडा आणला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आई भिंतीला वळसा घालून पलीकडं गेली. मी मागोमाग. मोठी आई नाही म्हणेल, भांडेल, काहीतरी अवघड मागेल, अशी मला आशा होती. हो, आशाच.

"बाई, पोरगी न्यायला आले," आई म्हणाली.

"आता सुचलं व्हय?"

"भेव वाटत व्हतं. तुमी देता का न्हाई."

"येडी का काय तू? बाराव्या दिवशी मी सकाळीच आंघोळ करून बसल्ते. तू यायची अन् मी मोकळी व्हायची. तू आलीच न्हाईस. मला काय करायची व्हती दुसऱ्याची पोर?"

तिनं कोंडा शेळ्यांच्या टोपल्यात ओतला आणि रिकामं सूप आईच्या हातात दिलं. मोठ्या मनानं खोटं बोलली असेल, असं पुढं माझ्या नवऱ्यानं सुचवून पाहिलं. पण मी तिचा चेहरा पाहिला होता. एक काम उरकल्याचं समाधान होतं त्यावर, बाकी काही नाही.

आई तिथंच रडली, सुटल्यासारखी. मग दोघी जावा लग्नाच्या बुंदीबद्दल बोलायला लागल्या. मीही रडत होते. पोरगी सासरी जायची म्हणून रडते आहे, असं समजून दोघींनी मला जवळ घेतलं. मला राग आला होता, आणि तो आईचा नव्हता. इतकी वर्षं मला कुणीही अडवून धरलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईवडिलांनी मला रीतसर देऊन टाकलं.