बोट उचलल्यावर

आमचे पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते, हे बाबा अजून छाती फुगवून सांगतात. ते शौर्य माझ्यापर्यंत पोचलं नाही. मी घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला मी गोत्रीच्या आमच्या सोसायटीचे तीन जिने परत चढते. अशा मुलीला मशीन चालवणारे प्रोग्रॅम लिहायची नोकरी लागावी, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे.

बडोद्याच्या सयाजीगंजातल्या एका लहानशा ऑफिसात आम्ही कारखान्यांसाठी टचस्क्रीन तयार करतो. माझं पहिलं स्वतंत्र काम निघालं ते नेमकं मकरपुऱ्याच्या त्या रबर कारखान्याचं, जिथे बाबा वीसेक वर्षं ऑपरेटर आहेत. घरात पेढे वाटले गेले.

त्या स्क्रीनवर एक बटण होतं रोलर पुसण्याचं. पाळी बदलायच्या आधी ऑपरेटर एका हाताचं बोट बटणावर दाबून धरतो. तेवढा वेळ दोन रोलर हळूहळू फिरतात आणि दुसऱ्या हाताने तो ते फडक्याने पुसतो. फडकं अडकलं की बोट उचलायचं, रोलर थांबतात. पूर्वी यासाठी पायाखाली स्प्रिंगचा स्विच होता. तो काढून माझं बटण आलं.

प्रोग्रॅममधल्या बटणाला स्वतःची अक्कल नसते. त्याच्यामागे एक लिसनर, म्हणजे ऐकणारा, नेमावा लागतो. त्याने काय काय ऐकायचं याचा करार आधीच ठरलेला असतो, त्याला इंटरफेस म्हणतात. बोट टेकलं, बोट उचललं, बोट आत आलं, बाहेर गेलं, अशी त्यातली कलमं. प्रत्येक कलमाची जागा ठेवावीच लागते, ती कोरी असली तरी चालतं. मी बोट टेकल्यावर रोलर चालू आणि उचलल्यावर बंद एवढं लिहिलं, बाकीची कोरी ठेवली, शंभरदा दाबून पाहिलं आणि सोमवारी कारखान्यात बसवून आले.

गुरुवारी दुपारी ऑफिसात तेच बटण दुसऱ्या एका कामासाठी तपासत होते. बोट दाबलेलं असतानाच स्क्रीनवर तेल कमी असल्याची सूचना उघडली. मी बोट उचललं. स्क्रीनवरचा रोलरच्या फेऱ्यांचा आकडा वाढतच राहिला. बोट उचलल्याची बातमी त्या वर आलेल्या चौकटीने घेतली होती. माझ्या लिसनरला ती कळलीच नाही. त्याच्या लेखी बोट अजून टेकलेलंच होतं.

पावणेदोन वाजले होते, आणि अडीचला बाबांची पाळी संपते. कामगारांचे फोन लॉकरमध्ये असतात. सुपरवायझरांचा फोन नुसता वाजत राहिला. मी स्कूटर काढली.

लालबागचा पूल कसा ओलांडला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बाबांचा उजवा हात डोळ्यांपुढून हलत नव्हता. फडकं ओढलं जातंय, ते बोट उचलतायत, पुन्हा दाबतायत, पुन्हा उचलतायत. आणि हे मी लिहिलंय. सिग्नल हिरवा झाला तरी मी निघाले नाही, तेव्हा मागच्याने विचारलं, बेन, तबियत बराबर छे?

गेटवर वॉचमन म्हणाला, "बेन, एन्ट्री कराववी पडशे." मी रजिस्टरमध्ये काय लिहिलं देव जाणे. आत धावले.

बाबा मशीनपाशी उभे होते. रोलर थांबलेले. हातात फडकं होतं, म्हणजे अजून पुसायचं होतं.

"बाबा, बटणाला हात लावू नका," मी म्हणाले. "ते बिघडलंय."

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "माहितीये मला. मंगळवारी फडकं गेलं ना आत. मी मेन स्विच पाडला."

"मंगळवारी? मग काल कोणी पुसलं?"

"मीच. दोन्ही पाळ्यांचं मीच पुसतो, रात्रीचं सकाळी लवकर येऊन. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुझं पहिलं काम आहे, बेटा. नकामी बोंब कशाला? तू हळूच दुरुस्त करशील म्हटलं. मी संभाळतो ना."

मला राग आला. इतका राग मला बाबांचा कधीच आला नव्हता, आणि त्याच्या खाली भीती होती. मी थेट सुपरवायझरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, चूक माझी आहे, मशीन बंद ठेवा. बाबा मागोमाग आले. माझ्या खांद्यावरून ते शांतपणे म्हणाले, "ना साहेब, छोकरी गभराई गई छे. बटन बराबर छे."

सुपरवायझर हसले. त्यांनाही मशीन बंद नकोच होतं. मी त्यांना म्हटलं, "मग तुम्हीच दाबा."

आम्ही तिघं मशीनपाशी आलो. त्यांनी बटण दाबून धरलं, रोलर फिरू लागले. सूचना मुद्दाम उघडायची सोय मी तपासणीसाठी ठेवली होती, ती वापरली. स्क्रीनवर चौकट आली. "आता बोट उचला," मी म्हणाले.

त्यांनी उचललं. रोलर फिरत राहिले. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं. मी बाबांच्या हातातलं फडकं घेऊन रोलरवर टाकलं. ते सावकाश, काही घाई नसल्यासारखं, आत गेलं आणि पलीकडून चपटं होऊन बाहेर आलं. मग बाबांनीच मेन स्विच पाडला.

"झालं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता गेली तुझी नोकरी."

मी त्यांचा उजवा हात धरला आणि बोटं मोजली. मग डाव्या हाताची. दहा होती. बाबा हात सोडवून घ्यायला लागले, म्हणाले, अगं, सगळे बघतायत. मी सोडला नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.