दोन बंड्या
वेचलेला कापूस घरात आला की त्याच्या उबट वासानं मला आर्णीजवळच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. हिमालयातल्या एका दूरच्या खोऱ्यात जायचं ठरवून मी मोबाइलवर सामानाची यादी वाचत होते. समोर माय कापसातली सरकी बोटांनी काढून माझ्यासाठी बंडी भरत होती. संध्याकाळी तिनं दोन बंड्या पुढ्यात ठेवल्या. "दोन कायले वं?" मी विचारलं. "एक माही. मले बी बरफ पाह्यचा हाये." तिकीट मी एकच काढलं होतं. तसं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मंग दोन्ही घेऊन जा." खोऱ्यात पोचल्यावर तिची बंडी मी बर्फावर पसरली, चांगली भिजू दिली. ती बंडी मायनं अजून धुतलेली नाही.