पुरीतलं तेल

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच, म्हणून रविवारचा नाश्ता आम्ही गच्चीवर एकत्र करतो. दुसऱ्या मजल्यावरचे एक शेजारी पुरी कधी थेट खात नाहीत. आधी ती टिश्यूत दाबतात, मग तो टिश्यू उन्हाकडे धरून तेलाचा डाग सगळ्यांना दाखवतात. "बघा वहिनी, हे माझ्या लिव्हरमध्ये जाणार होतं." माझ्याच हातच्या पुरीची माझ्यासमोर अशी झडती. मला राग यायचा. वर स्वतः पॅकेटमधला सफरचंदाचा रस ग्लासावर ग्लास प्यायचे. "फळच तर आहे. बिल्कुल सेफ."

परवा त्यांनी पुरी दाबलीच नाही. मी विचारलं, तेव्हा हळूच म्हणाले, "सोनोग्राफी केली. लिव्हरवर चरबी निघाली. मी दारूला कधी शिवलो नाही, वहिनी. डॉक्टर म्हणाले, तेल कमी केलंत ते चांगलंच, पण रोज एवढा गोड रस प्यालात, तर त्या साखरेची चरबी लिव्हर स्वतःच बनवतं."

वाढता वाढता माझा हात थांबला. त्यांच्याच सांगण्यावरून मी माझ्या मुलीला रोज शाळेत तोच रस देते.

त्यांनी समोरच्या ग्लासातल्या रसाचा एक थेंब टिश्यूवर टाकला, उन्हात वाळू दिला आणि नेहमीसारखा वर धरला. बराच वेळ ते त्यात डाग शोधत राहिले.

"काहीच दिसत नाही हो," ते म्हणाले.