पडेल शे, हारेल नही

सावद्याला केळीच्या पॅकिंगवर माझ्याबरोबर घड वाहणारे एक धुळ्याकडचे आबा आहेत. जेवणाच्या सुट्टीत ते रोज एकच लढत लावतात. दोन जुने हेवीवेट बॉक्सर, वेगवेगळ्या काळातले. समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? एक पायांवर नाचणारा, दुसरा एका ठोशात आडवा करणारा. पडलेला दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरला. आबा ठोसेवाल्याच्या बाजूने. मी आठवीत शाळा सोडून नांदेडकडून आलेला, वाद नको म्हणून उरलेला नाचरा घेतला.

"तुना गडी आज बी झोपना," म्हणत आबा भाकरी मोडतात.

मागच्या आठवड्यात ओल्या फळीवरून ट्रकमध्ये चढताना मी घडासकट पडलो. मार लागलेली केळी काळी पडतात, व्यापारी घेत नाही.

"उद्यापासून हा नको!" मुकादम ओरडला. मी पडल्या जागीच राहिलो. घरी काय तोंड दाखवणार?

अर्ध्या वाटेत आबा खांद्यावरचा घड कधी टेकवत नाहीत. त्या दिवशी टेकवला.

"मुकादम, दहा तं मोजू दे. तो पडेल शे, हारेल नही."

पडलाय, पण हरलेला नाही, असं म्हणून ते मोजायला लागले. पाचनंतर थांबून सावकाश तंबाखू मळली. नऊला मी उठून उभा राहिलो. सगळे हसले, मुकादमसुद्धा.

"तो घड बाजूला टाक, दुसरा उचल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवताना ठोसेवाल्याने माझ्या गड्याला नेहमीसारखं आडवं केलं. मी डबा झाकायला लागलो.

"थांब रे," आबा म्हणाले. "आठच मोजेल शेत. उठी राह्यना तो."