गंगाबाईचं हळवं भात

मनाला चटकन लागून घेणाऱ्या माणसाला मराठीत हळवा म्हणतात. हळू, हलका यांच्याच कुळातला हा शब्द. पण आमच्या कळंबात तो आधी भाताला लावतात, मग माणसाला. सगळ्यांच्या आधी पिकतं ते हळवं, उशिरा पिकतं ते गरवं. हळवं वेळेवर कापलं नाही तर दाणे झडून जातात. शेजारच्या गंगाबाईला हळवी हे नाव तिच्या नवऱ्यानं, कोंडीरामनं ठेवलं. घारीनं कोंबडीचं पिल्लू उचललं तरी हिचा पदर डोळ्यांना जायचा.

"हिला जरा हात लागला का झडली!" म्हणत तो हसायचा. आणि दरसाल वरच्या खाचरात मुद्दाम तिच्यासाठी हळवं लावायचा, धम्मचक्र दिनाला नव्या तांदळाची खीर व्हावी म्हणून. भात तयार झालं का, हे ठरवायचं काम त्याचं. सकाळी एक दाणा दाताखाली धरायचा आणि बांधावरून हाक द्यायचा, "आन गं विळा!"

श्रावणात कोंडीराम गेला. गंगाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. परित्राण पाठ झाला, पुण्यानुमोदन झालं, तरी नाही. बायका तिच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. मला त्यांचा भारी राग आला. मुलगी दर्शना मात्र खरोखर घाबरली होती. "आये, एकदा तरी रड गं," म्हणायची. गंगाबाई चहा गाळत राहायची.

धम्मचक्र दिन चार दिवसांवर आला. सगळ्या शिवारात तिचं एकटीचं खाचर पिवळं पडलेलं आणि त्यावर चिमण्यांची झुंबड. शेवटी मीच दोघींना घेऊन गेलो. दर्शनानं एक लोंबी आईच्या हातात दिली.

"बघ, तयार हाय का?"

गंगाबाईनं दाणा दाताखाली धरला. बराच वेळ चावत राहिली.

"मला नाय कळत," ती म्हणाली.

मी जवळच्या रोपाला हात लावला तर निम्मे दाणे खाली सांडले. आठ दिवस आधीच कापायला हवं होतं. दर्शनाला रडू फुटलं.

"रोज दारातून दिसत व्हतं ना गं तुला? मग कापलं का नाय?"

गंगाबाईनं विळा घेतला, वाकून पहिली मूठ कापली. डोळे तसेच कोरडे.

"हाक नाय आली ना," ती म्हणाली.