ओल्या वार्निशवरचा कोंडा

लढाईवरून हे परत आले तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. गावाने दोन दिवस कौतुक केलं, तिसऱ्या दिवशी जो तो आपापल्या उसाला पाणी पाजायला गेला. हे मात्र सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसायचे. भाकरी पुढे सरकवली तरी तशीच राहायची. मला तेव्हा ह्यांचा राग यायचा, आज कबूल करते. पाय गेला होता, जीभ तर गेली नव्हती.

मग धाकट्या दिराला पलूसला नोकरी लागली, आणि गोठ्यात गंजत पडलेली ह्यांची सायकल बाहेर निघाली. दीर म्हणाला, "दादा, वरनं काळा रंग मारतो." कितीतरी दिवसांनी ह्यांनी तोंड उघडलं. "रंग नगं. आतलं लोखंड चांगलं हाय, ते दिसू दे. मी करतो."

अंगणात पोतं अंथरून बसले. चाकं, साखळी काढून नुसता सांगाडा मांडीवर घेतला. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून रंगावर थापायचा, रंग फुगला की खुरप्याने खरवडायचा, मग काचपेपरने घासत बसायचं. सोड्याने बोटांची सालं निघाली. सासूबाई म्हणाल्या, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." मला ते झोंबलं, पण हे चक्क हसले. दुपारी हाक मारून भाकरी मागायला लागले. मला दुसरं काय हवं होतं?

पंधरा दिवसांनी लोखंड चांदीसारखं उजळलं. आता गंज धरायच्या आत वर बिनरंगाचं वार्निश द्यायचं होतं. दिराने सांगलीहून डबा आणला. वार्निश दिलं त्याच दिवशी मी, अक्कल गहाण टाकल्यासारखी, वाऱ्याच्या बाजूला बसून जोंधळे पाखडले. सगळा कोंडा उडून ओल्या वार्निशवर चिकटला. "डोळं फुटलं व्हय गं?" हे कडाडले. मी खूप रडले. पण दुसऱ्या दिवशी ते सगळं पुन्हा खरवडायला बसले आणि दोन भाकरी खाऊन उठले.

तेव्हा माझ्या मनात पाप आलं. सायकल पुरी झाली की हे परत भिंतीकडे तोंड करणार, हे मला दिसत होतं. दुसऱ्यांदा वार्निश लागलं तशी मी मुद्दाम सूप घेऊन त्याच जागी बसले. तिसऱ्यांदाही. हे आता ओरडत नव्हते, मुकाट्याने काचपेपर उचलायचे. दीर रोज पलूसला चालत जायचा, चालत यायचा. त्याचे पाय झिजवून मी नवऱ्याचे दिवस ढकलत होते. लाज वाटायची, तरी थांबले नाही.

एका संध्याकाळी मात्र दिराच्या टाचेवरचे फोड मीच धुतले. चौथ्यांदा वार्निश दिलं त्या दुपारी मी अंगणात पाऊलच टाकलं नाही, चुलीपाशी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने बाहेरून हाक आली. "अगं, आज जोंधळं पाखडायचं न्हाईत व्हय?"

टोमणा असेल म्हणून मी घाबरतच बाहेर आले. म्हणजे माझं मुद्दाम पाखडणं ह्यांना कळत होतं. हे माझ्याकडे बघत नव्हते. पुढ्यातला सांगाडा उन्हात लखलखत होता, त्यावर कुठे डाग म्हणून नव्हता.

"ये की," हे हळू आवाजात म्हणाले. "बस हितं. मी न्हाई वरडणार."

मी सूप आणलं, दोन मुठी जोंधळे घेतले आणि वाऱ्याच्या बाजूला बसले. हात काही उचलेना. तेव्हा ह्यांनी वार्निशचा डबा उचलून माझ्यासमोर उपडा धरला. त्यातून एक थेंबही पडला नाही. "संपलं, अन् हे बी वाळलं; आता कोंडा चिकटायचा न्हाई, नुसती बस," हे म्हणाले.