वफ्र्याची फुलपाखरं आणि आमचं हळदीकुंकू

दिनांक : संक्रांतीनंतरचा दुसरा शुक्रवार. ठिकाण : आखातातल्या वाळवंटातलं वफ्रा, फुलपाखरांची बाग. हजर : मी, माझे यजमान नंदकुमार, कन्या सई (मातृभाषा मराठी, उत्तरं इंग्रजीत) आणि चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाई. सासरे गैरहजर. आंब्याला मोहोर आला की ते कलमं सोडून सख्ख्या भावाच्या घरीही जेवायला जात नाहीत.

आत आम्ही चौघं गेलो. बाहेर तिघंच आली.

योजनेत काही चूक नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. मी इथल्या एका रुग्णालयात वॉर्डची मुख्य सिस्टर आहे, त्यामुळे योजनेशिवाय मला शिंकसुद्धा येत नाही. संध्याकाळी सहाला मंगफच्या आमच्या फ्लॅटवर हळदीकुंकू. बायकांच्या ओटीत घालायला बोरं आणि गाजरं वफ्र्याच्या शेतांवर ताजी मिळतात. तिथेच एका मोठ्या काचघरात ही बाग आहे, आणि 'आईंना फुलपाखरं दाखवणे' हे काम त्या आल्यापासून बाकी होतं. एका फेरीत दोन कामं! अशी संधी कोण सोडेल?

सासूबाई सकाळपासूनच नटून बसल्या होत्या. काळी चंद्रकळा, नथ आणि अंबाड्यावर पिवळ्याधमक शेवंतीची वेणी. (वेणी भारतातून विमानाने आलेली, फहाहीलच्या दुकानात मी आदल्या दिवशी ताटकळत उभी राहून मिळवलेली.)

"आई, वेणी संध्याकाळी माळा ना."

"आणि तोवर काय, फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी निजवू तिला?"

विषय संपला.

बाहेर वाळू, वाळू आणि वाळू. आत पाऊल टाकलं तर केळीची पानं, दमट हवा आणि डोक्यावर रंगांची नुसती भिरभिर! दाराशी इब्राहिमभाई होते, श्रीवर्धनचे. आम्ही मराठी बोलतोय म्हटल्यावर खुलले आणि लगेच नियम सांगू लागले. "दारं दोन आहेत. मधे आरसा. जाताना गोल फिरून बघायचं, अंगावर काय बसलं नाय ना. पाखराला हात लावायचा नाय, पंख जातो त्याचा. आणि पाखरू घेऊन भायेर जायचं नाय. समजलात काय?"

"समजलो," मी म्हणाले. नियम मला आवडतात.

बोरं-गाजरं आधीच गाडीत. फिरून झालं, फोटो झाले, सगळं वेळेत. निघताना आरशासमोर सासूबाईंना गोल फिरवलं, आणि इब्राहिमभाईंनी हात आडवा घातला.

शेवंतीच्या वेणीवर एक केशरी फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. सासूबाईंच्या माहेरचं असावं इतकं निवांत!

"उडेल," नंदकुमार म्हणाला. त्याचा जगातल्या सगळ्या प्रश्नांवर हाच उपाय आहे.

आम्ही परत आत गेलो. सासूबाईंना उन्हात उभं केलं, सावलीत उभं केलं, केळीखाली उभं केलं. मी फुंकर मारली. नंदकुमारने टोपीने वारा घातला. फुलपाखरू ढिम्म हलेना. उलट दुसरं आलं, पहिल्याला भेटलं आणि तेही बसलं.

"आई, वेणीच काढून इथे ठेवली तर?" मी हळूच विचारलं.

सासूबाईंनी नथ सावरली. "हळदीकुंकवाच्या दिवशी सवाष्णीनं डोईतलं फूल उतरवायचं? आणि ते सुनेनं सांगायचं? चिपळुणात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का?"

"चिपळुणात कोण सांगतंय?"

"मीच सांगीन ना!"

तेवढ्यात त्यांनी इब्राहिमभाईंना विचारलं, "श्रीवर्धनात कुठे हो तुम्ही? आमची थोरली नणंद तिथलीच." झालं! नणंदेचं घर, घरामागची विहीर, विहिरीवरून झालेलं भांडण, सगळं निघालं. इब्राहिमभाईंनी स्टूल दिलं, चहा मागवला. इकडे मला डोळ्यांसमोर आमच्या मजल्यावरचं दृश्य दिसू लागलं: जरीच्या साड्यांतल्या बायका, बंद दार, आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या देशपांडेबाई, "बोलावलं होतं ना नक्की?" असं गोड आवाजात विचारताहेत. वॉर्डात एकाच वेळी तीन पेशंट गंभीर झाले तरी मला असा घाम फुटत नाही!

"इब्राहिमभाई, काहीतरी करा हो!"

"आपण नाय करू शकत. पाखरं काढणारी मॅडम वेगळी आहे, ती काळोख पडायला लागला की येते. नायतर एक करा. गोडावर येतात ती."

गोड! माझ्या पिशवीत केळी होती आणि चवीपुरते तिळाचे लाडूही होते. मी केळं कुस्करलं, त्यात लाडू चुरला आणि ते मिश्रण ओढणीच्या पदरावर फासून अंबाड्याजवळ धरलं. फुलपाखराने सोंड उलगडली. एक पाय पुढे. दुसरा पाय. आणि डुलत डुलत आलं की ओढणीवर! मागोमाग दुसरंही!

"आलं! आलं!" मी ओरडले आणि आनंदाच्या भरात कपाळावरचे केस मागे सारले. त्याच हातांनी.

इथे माझी योजना थोडी चुकली.

आधी केसांवर एक आलं. मग खांद्यावर, मग चष्म्याच्या दांडीवर. मी ओढणी काढून फांदीला टांगली, पण तोवर बातमी बागभर पसरली होती. कोकणातल्या लग्नात पहिली पंगत बसावी तशी ती माझ्या स्वेटरवर रांगेने बसली! (स्वेटरवर सकाळचा गुळाचा पाक सांडलेला होता, हे मला तेव्हा आठवलं.)

"मम्मा, डोन्ट मूव्ह! यू लुक अमेझिंग!" सई फोटो काढत म्हणाली.

"अमेझिंग गेलं खड्ड्यात, मला सोडवा!"

आरशासमोर पुन्हा तपासणी झाली. सासूबाई साफ. नंदकुमार साफ. सई साफ. मी म्हणजे जत्रेतलं फिरतं झाड! इब्राहिमभाईंनी मान हलवली. "ताई, तुम्ही नाय जाऊ शकत. बाकीचे जा."

"पण हळदीकुंकू माझं आहे!"

"आमची काय हरकत? पण पाखरं आमची आहेत."

नंदकुमारने घड्याळ बघितलं. "असं करू. आईला आणि सईला घरी सोडतो आणि तुला न्यायला परत येतो."

"अरे पण घरचं कोण बघणार? आई, ऐका, वाणाचे डबे दिवाणाखाली आहेत, अत्तरदाणी वरच्या कप्प्यात, आधी हळद मग कुंकू..."

"आधी हळद मग कुंकू!" सासूबाई दारातून वळल्या. "चाळीस वर्षं मी काय आधी कुंकू लावत होते? तू आपली शांत बस. हलू नकोस, पंख जातील त्यांचे."

आणि गेल्या.

मी सासूबाईंच्या स्टुलावर बसून राहिले. सूर्य वाळूत उतरू लागला तशी फुलपाखरं उडण्याऐवजी जास्तच चिकटून बसली. संध्याकाळी ती झोपतात म्हणे. माझ्यावर झोपली! फोन वाजला तर पडद्यावर एक निळं पसरलेलं, त्याला हात लावायचा नाही. फोन वाजत राहिला, ते पंख हलवत राहिलं, आणि मी एखाद्या नवख्या नर्ससारखी दोघांकडे बघत राहिले.

शेवटी काळोख पडता पडता ती मॅडम आली. हातात मऊ ब्रश. तिने एकेक फुलपाखरू पानावर अलगद उतरवलं. शेवटचं उतरल्यावर मला तीनदा गोल फिरवलं आणि म्हणाली, "खलास." अरबीत खलास म्हणजे संपलं. माझं आणि संध्याकाळचं, दोघांचंही.

नंदकुमार आला. रस्ताभर मी एकच विचारत होते, "दार उघडं होतं ना? बायका परत नाही ना गेल्या?"

"अगं, पायरीवर उभं राहायला जागा नव्हती."

मंगफला पोचलो तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि आतून देशपांडेबाई बाहेर आल्या. हातात माझंच वाण, ओटीत माझीच बोरं, कपाळाला माझंच कुंकू. माझ्या केसांतला लाडवाचा चुरा त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत नजर फिरवत शोधून काढला.

"उशीर केलात हो तुम्ही! काय सुरेख झालं हळदीकुंकू! यंदा कधी नव्हे ते सगळं अगदी शिस्तीत!"

वर आले तर सासूबाई पाय पसरून बसलेल्या, वेणी जागच्या जागी. हळद संपलेली, कुंकू संपलेलं, वाणाचा एक डबा उरलेला नाही.

माझ्या डायरीत त्या दिवसाच्या सगळ्या कामांवर खूण झाली आहे. एकच राहिलंय : आपल्या घरी हळदीकुंकवाला जाणे. रथसप्तमीपर्यंत मुदत आहे, आणि सासूबाई म्हणतात, "ये की. पण आधी अंघोळ करून ये."